नोकरी सांभाळून मास्टर्स: ‘वेळ नाही’च्या मागे काय असतं?

आयटीत आठ-दहा वर्षं काढलेली माणसं माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात तेव्हा एक वाक्य ठरलेलं असतं. “मॅडम, कॉम्प्युटर सायन्समध्ये मास्टर्स करायचंय, पण नोकरीतून वेळच मिळत नाही.” पाठोपाठ दुसरं येतं, “आणि डिग्री हातात पडेपर्यंत शिकलेलं सगळं जुनं झालेलं असेल.” ही दोन वाक्यं इतक्या जणांकडून ऐकली आहेत की एकाची हकिगत सविस्तर लिहावी असं वाटलं. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि अनेक भेटींतलं मोजकंच इथे घेतलं आहे.

हे गृहस्थ टीम लीड होते. बिलिंगची मोठी यंत्रणा त्यांच्या देखरेखीखाली चालायची. दर वर्षी प्रवेशाचा अर्ज भरायला घ्यायचे आणि दर वर्षी तो अर्धवट राहायचा. पहिल्या भेटीला ते आठवड्याच्या तासांचा हिशेब एक्सेलमध्ये मांडून घेऊन आले.

“यात शनिवार-रविवार मिळून दहा तास मोकळे दिसतात,” मी म्हणाले.

“हो, पण ऑन-कॉल असलो, म्हणजे कधीही कामाला बोलावलं जाण्याची पाळी आली, की तेही जातात.”

“समजा, कंपनीनं उद्या सहा महिने भरपगारी रजा दिली. अर्ज पाठवाल?”

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “नाही पाठवणार बहुतेक.”

हा प्रश्न मी आवर्जून विचारते. ज्यांची अडचण खरोखर वेळेची असते ते लगेच ‘हो’ म्हणतात, आणि मग आम्ही वेळापत्रकाकडे वळतो. बाकीच्यांचं वेळापत्रक कितीही सुधारलं तरी अर्ज जात नाही. माझा ओढा मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीकडे आहे. प्रसंगापेक्षा त्या प्रसंगाला आपण दिलेला अर्थ आपल्याला जास्त छळतो, हे सूत्र मला इतक्या वर्षांच्या कामात पुन्हा पुन्हा खरं ठरताना दिसलं आहे. म्हणून पुढच्या भेटीत मी अर्थाकडे वळले.

“प्रवेश मिळाला, तर सगळ्यात वाईट काय घडेल?”

“पहिल्याच परीक्षेत आपटेन.”

“आणि आपटलात, तर त्याचा अर्थ काय?”

“दहा वर्षं लोक माझ्याकडे उत्तरं मागायला येतात. वर्गात बावीस वर्षांची मुलं प्रोबॅबिलिटीची गणितं झटपट सोडवतील आणि मी बघत बसेन. म्हणजे मला कधी काही येतच नव्हतं, हे सगळ्यांना कळेल.”

पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये कर्तबगार स्त्रियांमधली हीच भावना नोंदवली होती: मिळवलेलं यश आपलं नाही आणि एक दिवस आपण उघडे पडू. पुढे ती पुरुषांमध्येही दिसून आली. आयटीत तिला भरपूर खाद्य मिळतं. इथे अनुभवी माणसाची किंमतच त्याच्याकडे उत्तर असण्यावर ठरते, असं त्याला वाटू लागतं. अशा माणसाला ‘तुम्ही हुशार आहात, जमेल तुम्हाला’ असा धीर देऊन काहीच साधत नाही, कारण हुशार असलंच पाहिजे ही सक्तीच तर त्याला अडवत असते. मी त्यांना त्यांच्या कामाबद्दल बोलतं केलं.

“शेवटचा मोठा घोळ कधी झाला होता?”

त्यांचा चेहरा खुलला. काही ग्राहकांच्या खात्यातून दोनदा पैसे कापले जात होते. रात्रभर टीम लॉग, म्हणजे यंत्रणेनं आपोआप केलेल्या नोंदी, चाळत होती. टाइमस्टॅम्प, म्हणजे नोंदींवरच्या वेळा, जुळवून पाहिले, एकेक शक्यता बाद केली. पहाटे सापडलं: उत्तर वेळेत न आल्यामुळे तीच विनंती पुन्हा पाठवली जात होती आणि दोन्ही मंजूर होत होत्या.

“पहिले काही तास तुम्हाला कारण माहीत नव्हतं. तेव्हा स्वतःला नालायक ठरवलंत?”

“छे! सुरुवातीला कुणालाच कळत नसतं. न कळण्यापासूनच तर काम सुरू होतं…”

इथे ते थांबले. मीही काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकानं समजावायला सुरुवात केली की हातात आलेलं निसटतं. थोड्या वेळानं त्यांनीच हरकत घेतली, आणि ती रास्त होती. “पण ऑफिसात न कळण्याला मार्क नसतात.”

“मार्क कशाला मिळतात?”

“पेपरला.”

“त्या पेपरवरून तुमच्या दहा वर्षांचा निकाल कोण लावतं?”

“मीच,” ते म्हणाले.

हे उत्तर त्यांचं त्यांना सापडलं, याचं मला आजही समाधान आहे. न कळण्याच्या अवस्थेत शांत राहायचं कौशल्य त्यांच्याजवळ रोजच्या कामातून आलेलं होतं. अभ्यासाच्या टेबलावर ते वापरायची परवानगी तेवढी त्यांनी स्वतःला दिलेली नव्हती. त्या आठवड्यात अर्ज गेला.

राहिली ‘जुनं होईल’ ही धास्ती. तिचं उत्तर पहिलं सत्र संपल्यावर त्यांनीच आणून दिलं. डिस्ट्रिब्युटेड सिस्टीम्स, म्हणजे अनेक मशीन मिळून चालवतात त्या यंत्रणा, हा विषय घेतला होता. “त्या रात्री टाइमस्टॅम्पमुळे आम्ही भलतीकडेच शोधत होतो,” ते उत्साहानं सांगत होते. “वेगवेगळ्या मशीनच्या घड्याळांवर विसंबून कुठली घटना आधी घडली हे खात्रीनं सांगता येत नाही. संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्टनी १९७८ मध्येच हे मांडून ठेवलंय!” बाकीचा पायाही असाच जुना आहे: डेटाबेसच्या मुळाशी असलेलं, माहिती तक्त्यांत मांडण्याचं एडगर कॉड यांचं रिलेशनल मॉडेल १९७० चं आहे, जवळचा मार्ग शोधण्याची डाइक्स्ट्रा यांची रीत १९५९ मध्ये प्रसिद्ध झाली. टूल्स बदलतात, ती तुम्ही नोकरीत शिकताच. चांगला पदव्युत्तर अभ्यासक्रम त्यांच्या खालची जमीन दाखवतो. म्हणून अभ्यासक्रम निवडताना विषयांच्या यादीत अल्गोरिदम, डेटाबेस, नेटवर्क, ऑपरेटिंग सिस्टीम यांना किती जागा आहे ते पाहा. यादीत नुसती उत्पादनांची नावं असतील, तर छोटा सर्टिफिकेट कोर्स पुरे.

वेळेचा प्रश्न ज्यांचा खरा आहे, त्यांच्यासाठी एक ढोबळ हिशेब आहे. क्रेडिट म्हणजे अभ्यासाचा भार मोजायचं एकक; एका क्रेडिटला आठवड्याला साधारण तीन तास धरतात, एक वर्गाचा आणि दोन स्वतःच्या अभ्यासाचे. तीन क्रेडिटचा एक विषय म्हणजे आठवड्याला नऊ तास, दोन विषय म्हणजे अठरा. पूर्ण वेळ नोकरी असेल तर पहिल्या सत्रात एकच विषय घ्या, याबाबत मी फार आग्रही आहे. तीस क्रेडिटची पदवी एकेक विषय करत दहा सत्रांत होते. वर्षाला तीन सत्रं असतील तर तीन वर्षांहून थोडी जास्त, दोन असतील तर पाच वर्षं. पदवी पुरी करण्याची कमाल मुदत किती आहे, हे मात्र प्रवेशाआधीच विचारून घ्या.

गणित गंजलंय असं वाटत असेल, तर प्रवेशाच्या दोन-तीन महिने आधी डिस्क्रीट मॅथ्स (संच, तर्क, मोजणी यांचं गणित) आणि प्रोबॅबिलिटी उघडा. एमआयटी या अमेरिकी विद्यापीठाच्या ओपनकोर्सवेअर या संकेतस्थळावर अल्गोरिदमची व्याख्यानं आणि गृहपाठ मोफत आहेत. पहिले दोन गृहपाठ करून पाहिलेत की स्वतःबद्दलच्या अंदाजापेक्षा पक्की माहिती हाती येते. अभ्यास करताना तेच पान पुन्हा पुन्हा वाचू नका. पुस्तक मिटून आठवून लिहा. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात आठवून पाहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या लक्षात आठवड्यानंतर, नुसतं पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा जास्त राहिलं होतं. दमून घरी येणाऱ्या माणसाच्या वाट्याला तास थोडे असतात, त्याला ही रीत फार उपयोगी पडते.

कंपनी फी भरणार असेल, तर त्या बदल्यात किती काळ नोकरी सोडता येणार नाही ते लेखी घ्या. घरच्यांशी बोलताना ‘थोडं सांभाळून घ्या’ एवढ्यावर थांबू नका. कोणते वार, कोणते तास, ते सांगा. प्रबंध लिहायचा की विषय आणि प्रकल्पावर पदवी घ्यायची, हेही आधी ठरवा. पुढे पीएचडी करायची असेल तर प्रबंधाचे कष्ट कारणी लागतात, एरवी नोकरदाराला दुसरी वाट सोयीची पडते.

काहीजण हे सगळं बोलून झाल्यावर पदवी न करण्याचं ठरवतात. भीतीपोटी टाळणं आणि विचारांती नको म्हणणं यांत फार अंतर आहे, आणि दुसऱ्या प्रकारचं ‘नको’ मी आनंदानं ऐकते. जे प्रवेश घेतात, त्यांना मी एक काम पहिल्याच आठवड्यात करायला लावते: विषय सोडण्याची शेवटची तारीख कॅलेंडरमध्ये टाकायची आणि तिच्या दहा दिवस आधी माझ्याशी बोलायचं. कामाचा रेटा वाढला, तर त्या मुदतीत एखादा विषय सोडून पुढच्या सत्रात घेता येतो.