आडेनाउअरवर लिहिताना ‘महापौर’ या शब्दापाशी थांबा

तुमचा प्रश्न वाचला आणि नऊ वर्षांपूर्वीचा माझाच लेख आठवला. पश्चिम जर्मनीचे पहिले चान्सलर, म्हणजे सरकारप्रमुख, कोनराड आडेनाउअरच्या वकिलीबद्दल फारसं सापडत नाही, म्हणून जर्मनीतल्या कोलोन शहराचं महापौरपद दोन ओळींत उरकून थेट १९४९ च्या चान्सलरपदावर यावं का, असं तुम्ही विचारलंय. कृपा करून तसं करू नका. मी नेमकं तेच केलं होतं.

वकिलीची काळजी सोडा, ती मुळात थोडीच होती. १९०१ मध्ये कायद्याची दुसरी परीक्षा, काही काळ सरकारी वकिलांच्या कचेरीत, मग कोलोनमध्ये हेरमान काउझेन यांच्याकडे. काउझेन शहराच्या परिषदेत कॅथलिकांच्या झेंट्रुम पक्षाचे पुढारी. १९०६ मध्ये आडेनाउअर पालिकेच्या कारभारात आले, त्यामागे ही ओळख होती. तीन-चार वाक्यांत हे बसतं.

खरी अडचण पुढे आहे. आपल्याकडे महापौर सभा चालवतो, पाहुण्यांचं स्वागत करतो. कारभाराच्या चाव्या आयुक्तांकडे. मुंबईच्या १८८८ च्या महापालिका कायद्यात ही विभागणी स्पष्ट दिसते. मी ‘१९१७ मध्ये महापौर झाले’ एवढं लिहून पुढे गेले आणि वाचकांनी ते आपल्याच पद्धतीने वाचलं. कोलोनचं ते पद म्हणजे महापौर आणि आयुक्त एकाच खुर्चीत, तेही १२ वर्षांसाठी. १९१९ मध्ये विद्यापीठ पुन्हा उभं केलं. वर्सायच्या तहाप्रमाणे पाडाव्या लागलेल्या तटबंदीच्या जागी शहराभोवती झाडांचा हरित पट्टा केला. १९३२ मध्ये कोलोन-बॉन महामार्ग खुला झाला. हे फीत कापणाऱ्याचं काम नव्हे. मार्च १९३३ मध्ये नाझींनी त्यांना हटवलं, त्याचं वजनही हे कळल्यावरच लक्षात येतं.

माझा लेख कोसळला तो १९४५ वर. युद्ध संपता संपता अमेरिकनांनी त्यांना परत त्या खुर्चीवर बसवलं. मग कोलोन ब्रिटिशांच्या ताब्यात गेलं आणि त्यांनी ६ ऑक्टोबरला बडतर्फ केलं. ढिगाऱ्यांचं शहर, तोंडावर हिवाळा, आणि ते हरित पट्ट्यातली झाडं सरपणासाठी तोडू देईनात, हाही वादाचा एक मुद्दा होता. एका वाचकाने मला विचारलं, ‘मानाच्या पदावरच्या माणसाला लष्कराने कशाला काढावं?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. उत्तर माझ्याच चुकलेल्या शब्दात होतं. पुढे १९४६ मध्ये ब्रिटिशांनी जर्मनीतल्या त्यांच्या ताब्यातल्या विभागात मानद महापौर आणि वेगळा प्रशासनप्रमुख अशी रचना आणली. म्हणजे आपल्या ओळखीची विभागणी कोलोनला आडेनाउअर गेल्यावर आली!

याचा राग अजून जात नाही, कारण छापण्याआधी परिभाषा तपासून घ्यावी म्हणून एका संस्थेकडे मी मजकूर दिला होता. चार महिने, तीन फेऱ्या. शेवटी अनुस्वार दुरुस्त करून परत आला. ‘महापौर’वर बरोबरची खूण. त्या पदाकडे काय अधिकार होते, हे विचारायची तसदी कोणी घेतली नव्हती. शब्दकोशातला शब्द जुळला की काम झालं, असं समजणाऱ्यांकडे मजकूर देऊच नका, असं माझं ठाम मत आहे. मी इतिहासाची प्राध्यापिका नाही, जर्मनही बेताचंच येतं, तेव्हा दुसऱ्या जाणकारालाही विचारा. मी आता ‘नगरप्रमुख’ लिहिते आणि पहिल्याच वेळी दोन ओळींत अधिकार सांगते.

आणखी दोन गोष्टी. चान्सलरला ‘कुलपती’ करू नका, वाचक थेट विद्यापीठात पोचतो. आणि ‘पुराणमतवादी’ जपून वापरा. १९५७ मध्ये निवृत्तिवेतन कामगारांच्या वाढत्या वेतनाशी जोडणारं सरकार त्यांचंच होतं. मला ‘ख्रिस्ती लोकशाहीवादी’ जास्त पटतं, पण यावर मतभेद असू शकतात.

१९४९ वर आलात की मतमोजणी विसरू नका. चान्सलर होण्यासाठी संसदेच्या ४०२ सदस्यांत किमान २०२ मतं हवी होती, बरोबर तेवढीच पडली. वय ७३. कोलोनमधली १९२९ ची फेरनिवडही एकाच मताच्या बहुमताने झाली होती. मी ती गाळली होती, तुम्ही घ्या.