वाचकांचे प्रश्न : एक्सेलमधील दरपत्रक संकेतस्थळावर आपोआप कसे चढवावे?

प्रश्न : वागळे इस्टेट परिसरात आमचा नट-बोल्ट, वॉशर आणि पाइप फिटिंगचा घाऊक व्यवसाय आहे. मालाची यादी आणि दर एक्सेलमध्ये असतात. संकेतस्थळ वर्डप्रेसवर असून त्यावर ऑनलाइन विक्रीसाठी वूकॉमर्स बसवलेले आहे. लोखंडाचे भाव हलले की सुमारे अडीच हजार वस्तूंचे दर बदलावे लागतात, आणि दुकान बंद झाल्यावर माझा पुतण्या एकेक वस्तू उघडून ते बदलत बसतो. मध्यंतरी ही यादी सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल करून चढवून पाहिली, तर निम्म्या वस्तू दोनदा दिसू लागल्या. प्रोग्रॅमिंग न शिकता हे काम आपोआप होईल का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : होईल. मात्र आपल्या निम्म्या वस्तू दोनदा का दिसल्या, हे आधी समजून घ्यावे, कारण त्याचा बंदोबस्त न करता काम आपोआप होऊ लागले तर तीच चूक दररोज रात्री होत राहील. वूकॉमर्स वस्तू ओळखते ती नावावरून नव्हे, तर वस्तूच्या क्रमांकावरून किंवा एसकेयू या संकेतांकावरून. ज्या ओळींत यांपैकी काहीच नसते, त्या ओळींतील वस्तू नवीन समजून पुन्हा नोंदल्या जातात. त्यामुळे प्रत्येक वस्तूला, म्हणजे प्रत्येक मापाला आणि लांबीला, कधीही न बदलणारा स्वतंत्र संकेतांक देणे हेच या कामातील खरे काम आहे. काही व्यापारी त्यासाठी जीएसटीचा एचएसएन, म्हणजे मालाच्या वर्गवारीचा क्रमांक वापरतात, पण तो येथे निरुपयोगी आहे. स्क्रू, बोल्ट, नट आणि वॉशर हे सारे ७३१८ या एकाच शीर्षकाखाली येतात.

जुन्या वस्तूंना संकेतांक देण्याचा सर्वांत सुरक्षित मार्ग असा. वूकॉमर्समधील उत्पादनांच्या पानावरून सर्व माल एक्स्पोर्ट करावा. ही फाइल बॅकअप म्हणून जशीच्या तशी जपून ठेवावी आणि तिच्या प्रतीवर काम करावे. प्रतीत दोनदा नोंदलेल्या वस्तू शोधून त्यांची जादा नोंद संकेतस्थळावरून काढावी, उरलेल्यांपुढे एसकेयूच्या रकान्यात संकेतांक भरावेत, आणि वस्तूचा क्रमांक व एसकेयू एवढेच दोन रकाने ठेवून ती फाइल परत चढवावी. चढवताना ‘विद्यमान उत्पादने अद्ययावत करा’ या अर्थाच्या चौकटीत खूण करायला विसरू नये. ही खूण असली की जुळणाऱ्या वस्तूंमध्येच बदल होतो आणि न जुळणाऱ्या ओळी सोडून दिल्या जातात, त्यामुळे नवी प्रत तयार होण्याची भीती राहत नाही.

आता एक्सेलविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण आपल्या व्यवसायात त्याचा त्रास इतरांपेक्षा अधिक होतो. पाइप फिटिंगचे अर्धा इंची माप १/२ असे टाइप केले की एक्सेल त्याची १ फेब्रुवारी करते आणि ३/८ ची ३ ऑगस्ट. ००४५ हा संकेतांक ४५ होतो, मग तो संकेतस्थळावरील ००४५ शी जुळत नाही आणि ती ओळ सोडून दिली जाते. दर बदलला असे आपल्याला वाटते, पण ग्राहकाला जुनाच दर दिसतो. एक्सेलची ही सवय इतकी पक्की आहे की मानवी जनुकांची नावे ठरवणाऱ्या समितीने अखेर तारखेसारखी दिसणारी काही नावेच बदलली आणि २०२० साली नव्या नियमांसह ते जाहीर केले. आपल्याला तेवढे करण्याची गरज नाही. माप आणि संकेतांक यांचे रकाने काहीही लिहिण्यापूर्वी ‘टेक्स्ट’ प्रकारचे करावेत. ज्या मापांची तारीख होऊन बसली आहे, ती मात्र नव्यानेच लिहावी लागतील, कारण नंतर प्रकार बदलल्याने मूळ माप परत येत नाही. तयार सीएसव्ही फाइल पाहण्यासाठी म्हणून एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करण्याचा मोहही टाळावा, कारण तेवढ्याने संकेतांकांच्या सुरुवातीची शून्ये पुन्हा गळतात.

किमतीच्या रकान्यात रुपयाचे चिन्ह, स्वल्पविराम आणि ‘प्रति नग’ यांसारखे शब्द नसावेत. आकडेही इंग्रजी अंकांतच असावेत. वस्तूंची नावे मराठीत असतील आणि ती श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असतील, तर संकेतस्थळावर ती निरर्थक चिन्हांसारखी दिसतील. ती आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावीत, जोडाक्षरे आणि रफार डोळ्यांखालून घालावेत आणि फाइल सेव्ह करताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच पर्याय निवडावा.

एवढी तयारी झाली की काम आपोआप करणे हा सोपा भाग उरतो. दरपत्रक गूगल शीटमध्ये ठेवावे आणि ‘पब्लिश टू वेब’ या सोयीने त्यातील एकच शीट सीएसव्ही स्वरूपात प्रसिद्ध करावे. त्याचा एक कायमचा दुवा मिळतो आणि शीटमधील बदल काही मिनिटांनी त्यात उतरतो. डब्ल्यूपी ऑल इम्पोर्ट या प्लगइनच्या, म्हणजे वर्डप्रेसला जोडायच्या पूरक प्रोग्रॅमच्या, सशुल्क आवृत्तीत हा दुवा द्यावा, ओळख पटवण्यासाठी एसकेयू निवडावा आणि फक्त किंमत व साठा एवढेच बदलले जातील असे ठरवून ठेवावे, म्हणजे पुतण्याने मेहनतीने लिहिलेली वर्णने आणि चढवलेली छायाचित्रे सुरक्षित राहतील. वेळापत्रकासाठी वर्डप्रेसच्या स्वतःच्या घड्याळावर विसंबू नये. ते कोणी संकेतस्थळाला भेट दिली तरच पुढे सरकते, आणि घाऊक मालाच्या संकेतस्थळावर रात्री फारसे कोणी येत नाही. होस्टिंगच्या कंट्रोल पॅनेलमध्ये ठरलेल्या वेळी काम आपोआप चालवणारी ‘क्रॉन जॉब’ नावाची सोय असते. प्लगइनने दिलेले दुवे आणि वेळ तेथे भरावी लागते. यात प्रोग्रॅमिंग काही नाही, अर्ज भरण्याइतकेच हे काम आहे.

याच प्लगइनमध्ये, फाइलमध्ये नसलेल्या वस्तू संकेतस्थळावरून काढून टाकण्याचा पर्याय आहे. तो निवडू नये, असा माझा आग्रह आहे. एखाद्या रात्री शीट अर्धवट भरलेले असेल, तर सकाळपर्यंत अर्धे दुकान नाहीसे झालेले असेल. अशा वस्तूंचा साठा शून्य दाखवणे पुरेसे आहे.

झॅपियर, मेक, पॅब्ली कनेक्ट यांसारख्या, एका ऑनलाइन सेवेतील माहिती दुसरीत आपोआप नेणाऱ्या सेवांचेही नाव आपल्या कानावर आले असेल. एखादी नवी ओळ आली की एक नवी नोंद करायची, अशा कामाला त्या उत्तम आहेत. पण त्यांचा हिशेब होतो तो प्रत्येक कृतीमागे. अडीच हजार दर एकदम बदलले की महिन्याचा कोटा एका रात्रीत संपू शकतो. शिवाय मधोमध ओळ घातली किंवा यादीचा क्रम बदलला, तर त्यांचा गोंधळ होतो. आपल्यासाठी मी त्या सुचवणार नाही.

शेवटी एक गोष्ट माणसाच्या हातीच ठेवावी. ज्या शीटमध्ये रोजचे काम चालते तेच प्रसिद्ध करू नये. कामाची फाइल वेगळी असावी, तिच्यात जुना आणि नवा दर शेजारी ठेवावा आणि मोठा फरक असलेले आकडे रंगीत दिसतील अशी सोय करावी. ते तपासल्यावरच संकेतांक, किंमत आणि साठा हे तीन रकाने प्रसिद्ध होणाऱ्या शीटमध्ये उतरवावेत. ४५० ऐवजी ४५ पडलेला दर यंत्राला खटकत नाही, आणि त्या दराने आलेली मागणी नाकारताना जुना ग्राहक दुखावतो. खरेदीचा भाव आणि पुरवठादारांची नावे अर्थातच त्या शीटमध्ये कधीही नसावीत, कारण तो दुवा ज्याच्या हाती पडेल त्याला ते वाचता येईल.

प्रश्न : ऐरोलीत आम्ही काही पालक मिळून मुलांचे छोटे वाचनालय चालवतो. पुस्तकांची यादी गूगल शीटमध्ये आहे. कोणते पुस्तक कोणत्या मुलाकडे आहे आणि पालकांचा दूरध्वनी क्रमांक काय, हेही तेथेच लिहितो. ही यादी संकेतस्थळावर आपोआप दिसावी एवढीच इच्छा आहे. त्यासाठी प्लगइन विकत घ्यावे लागेल का?
— एक वाचक, नवी मुंबई

उत्तर : नाही. आपल्याला माहिती फक्त दाखवायची आहे, त्यामुळे ती आयात करण्याचे कारणच नाही. वर सांगितलेल्या ‘पब्लिश टू वेब’मध्येच ‘एम्बेड’ हा पर्याय आहे. त्यातून मिळणारा मजकूर संकेतस्थळाच्या पानात चिकटवला की यादी दिसू लागते.

परंतु आजचे शीट आहे तसे प्रसिद्ध करू नका. मुलांची नावे आणि पालकांचे दूरध्वनी क्रमांक कोणालाही वाचता येतील, आणि व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती मागतो. रकाना लपवून ठेवण्यावरही विसंबू नये. एक नवी फाइल तयार करावी, मूळ फाइलमधून ‘इम्पोर्टरेंज’ या सूत्राने पुस्तकाचे नाव, लेखक आणि ‘उपलब्ध आहे किंवा नाही’ एवढेच रकाने तिच्यात आणावेत आणि ती नवी फाइल प्रसिद्ध करावी. यासाठी हे तीन रकाने मूळ शीटमध्ये एकमेकांशेजारी ठेवले तर सूत्र सोपे होते.