वाचकांचे प्रश्न : जूनचा तास आणि दिवाळीचा प्रोजेक्ट

प्रश्न : मी ऐरोलीतल्या एका पदवी महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. दरवर्षी एफवायच्या मुलांना हॉलमध्ये बसवून तासभर माहिती साक्षरतेवर, म्हणजे माहिती शोधायची आणि पारखायची कशी यावर, बोलते. मुलं मोबाईल बघत बसतात. दिवाळीच्या सुमारास प्रोजेक्ट येतात, तेव्हा संदर्भसूचीत चॅटजीपीटीनं रचलेले, कुठेच न सापडणारे लेख असतात. प्राध्यापक मलाच विचारतात, ‘मॅडम, तुम्ही शिकवलं नाही का?’ काय करू?

उत्तर : तो तास बंद करा. प्राचार्य करू देणार नाहीत, कारण नॅकच्या, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या, फाइलीला फोटो लागतो. मग पंधरा मिनिटांवर आणा : पुस्तक कसं मिळतं, एन-लिस्टचं (कॉलेजांना ऑनलाइन नियतकालिकं आणि पुस्तकं देणाऱ्या योजनेचं) युजरनेम कोणाकडे मागायचं, बस्स. जूनमध्ये मुलांना काही शोधायचंच नसतं. खरा तास मागायचा तो प्रोजेक्टचे विषय दिले त्याच आठवड्यात, आणि प्राध्यापक वर्गात बसलेले हवेत. ते चहाला गेले की मुलांच्या लेखी तो ऑफ पिरियड. तुम्हाला जाब विचारणाऱ्यांकडूनच पहिला तास मागून घ्या.

ठाण्यात नोकरीला असताना मी वर्गात एकच प्रश्न टाकायचे : ठाण्यात तलाव किती? मोबाईलवर लगेच चार वेगळे आकडे निघायचे आणि भांडणं सुरू व्हायची. मग मी विचारायचे : मोजले कोणी? कधी? बुजवलेला तलाव धरला का? हद्द शहराची की तालुक्याची? बहुतेक पानांवर याचं उत्तर नसतंच. एकानं दुसऱ्याचं उचललेलं असतं. तिथून मुलं आपण होऊन महापालिकेच्या पर्यावरण अहवालाकडे किंवा १८८२ सालच्या ठाणे गॅझेटिअरकडे वळायची. तुमच्या दाराशी तर ठाणे खाडी आहे. फ्लेमिंगो किती येतात ते विचारा. बातमीतला आकडा बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या) मोजणीतून आला की नुसता हवेतून, हे मुलांनाच शोधू द्या.

लेखक कोण, तारीख कोणती, संकेतस्थळ नीटनेटकं आहे का, अशा टिकमार्कच्या याद्या मला फारशा पटत नाहीत. मुलं सगळ्या चौकटी भरून मोकळी होतात. स्टॅनफर्डच्या वाइनबर्ग आणि मॅकग्रू यांनी २०१७ मध्ये इतिहासाचे पीएचडीधारक, त्यांच्याच विद्यापीठातले विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्य-तपासनीस यांना एकच काम देऊन पाहिलं. भारदस्त दिसणाऱ्या पानांना इतिहासकारही फसले. तपासनीस मात्र ते पान वाचत न बसता दुसरा टॅब उघडून ‘ही संस्था आहे कोण’ हे आधी बघत होते. हीच सवय लावायची. ती भाषण देऊन लागत नाही, समोर करून घ्यावी लागते.

आता बनावट संदर्भ. मुलांचीच संदर्भसूची फळ्यावर घ्या, प्रत्येकाला एक नोंद द्या आणि सांगा, हा लेख अस्तित्वात आहे हे सिद्ध कर. डीओआय (लेखाला दिलेला कायमचा ओळख क्रमांक) असेल तर तो डीओआयच्या संकेतस्थळावर टाकायचा. नसेल तर नियतकालिकाचा तो खंड, तो अंक काढून पानं जुळवायची. नुसतं लेखकाचं नाव गुगल करणं पुरत नाही, कारण चॅटजीपीटी कॅटलॉग उघडून बघतोच असं नाही. पुढे कोणते शब्द शोभतील ते जुळवतो. त्यामुळे लेखक खरा, नियतकालिक खरं आणि लेख मात्र कोणी कधी लिहिलेलाच नाही, असं होतं. उलट डीओआय नाही म्हणून लेख खोटा ठरत नाही. मराठी नियतकालिकांना तो बहुधा नसतोच. जुन्या अंकांसाठी मुलांना ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात पाठवा. १८९३ पासूनची संस्था आहे, आणि ऐरोलीहून ठाणे काही लांब नाही. ‘मॅडम, एवढं कोण तपासतं?’ असं कोणी म्हणालंच तर न्यूयॉर्कच्या वकिलांची गोष्ट सांगा. त्यांनी चॅटजीपीटीनं रचलेले निवाडे कोर्टात दाखल केले आणि २०२३ मध्ये ५,००० डॉलर दंड भरला.

एक अट प्राध्यापकांकडून आधी कबूल करून घ्या : प्रोजेक्टचे थोडे गुण संदर्भ पडताळणीला. गुण नसतील तर मुलं तुमच्याकडे फिरकणार नाहीत, आणि त्यात त्यांची चूकही नाही. सगळे विभाग एकदम धरू नका. यंदा भूगोलवाल्यांना गाठा. फ्लेमिंगोंच्या प्रश्नाला ते नाही म्हणणार नाहीत.