थरांच्या टायटनेटमधून टायटॅनियम डायऑक्साइड-बी: आम्ल पुन्हा पुन्हा का बदलायचं?

तुम्ही विचारलंय की एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी टायटॅनियम डायऑक्साइडचं ‘बी’ रूप हवं असेल तर आधी पोटॅशियम टेट्राटायटनेट करा, ते आम्लात ठेवा, मग भट्टीत घाला, हा द्राविडी प्राणायाम कशाला? आणि आम्ल एकदाच ओतून का भागत नाही?

बाजारातलं ॲनाटेज (टायटॅनियम डायऑक्साइडचंच एक रूप) नुसतं तापवत गेलात तर शेवटी रूटाइल हे त्याचं दुसरं रूपच हाती लागतं. ‘बी’ रूप त्या वाटेवर येतच नाही. त्यासाठी सांगाडा आधी उभा करावा लागतो. पोटॅशियम नायट्रेट आणि टायटॅनियम डायऑक्साइड १००० अंश सेल्सिअसला भाजलं की टायटॅनियम-ऑक्सिजनचे घट्ट थर तयार होतात, मधे पोटॅशियम सैल बसलेलं; हेच पोटॅशियम टेट्राटायटनेट. (नायट्रेटच्या विषारी वाफा निघतात, हवा खेचणारी सोय हवीच.) नायट्रिक आम्लात पोटॅशियम बाहेर येतं, हायड्रोजन आत जातो, थर मात्र टिकून राहतात. पुढे ५०० अंशांना पाणी उडतं आणि शेजारचे थर ऑक्सिजनने सांधले जातात. फ्रान्समध्ये मार्शां, ब्रोआं आणि तुर्नू यांनी १९८० साली हे रूप असंच मिळवलं. भट्टी मात्र उगाच वाढवू नका, हे रूप नाजूक आहे. फार तापलं की ॲनाटेज होतं.

आता आम्ल. माझ्या मते खरी गोम इथेच आहे. बाहेर आलेलं पोटॅशियम द्रावणात साचत गेलं की अदलाबदल मंदावते आणि मधेच अडते. निम्मं पोटॅशियम आत राहिलं आणि तसंच भट्टीत घातलंत, तर ‘बी’ रूपाऐवजी पोटॅशियम ऑक्टाटायटनेट, म्हणजे ते उरलेलं पोटॅशियम धरून बसलेलं वेगळंच संयुग, मिळेल. रंगावरून काही कळत नाही, सगळ्या पावडरी पांढऱ्याच. हिशेब करून बघा: १ ग्रॅम टेट्राटायटनेटमागे शुद्ध डायऑक्साइड ०.७७ ग्रॅम यायला हवा. ऑक्टाटायटनेट झालं तर ०.८९ ग्रॅम. गाळताना थोडं वाया जातंच, त्यामुळे वजन कमी भरलं म्हणून निर्धास्त होऊ नका. जास्त भरलं तर मात्र गडबड नक्की.

त्याहून सोपी खूण ज्योतीची. दर वेळी गाळलेल्या आम्लाचा थेंब प्लॅटिनमच्या तारेवर घेऊन बर्नरमध्ये धरा आणि निळ्या कोबाल्ट काचेतून बघा. सोडियमचा पिवळा रंग काच अडवते, पोटॅशियमचा जांभळट दिसतो. तो दिसतोय तोवर आम्ल बदलत राहा. दिसेनासा झाला की पावडर पाण्याने नीट धुवा, सुकवा आणि भट्टीत घालण्याआधी एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकरचना ओळखण्याची चाचणी) काढून घ्या.