कॉलेज बदलताना क्रेडिट नेमकी कुठे अडतात?

ठाणे आणि नवी मुंबईतून अमेरिकेत शिकण्यासाठी व खेळण्यासाठी गेलेल्या किंवा जाऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या घरून आलेले चार प्रश्न येथे घेतले आहेत. उत्तरे एनसीएए या अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळांच्या संघटनेच्या पहिल्या, म्हणजे सर्वोच्च, विभागाच्या नियमांनुसार आहेत.

प्रश्न : माझा मुलगा जलतरणपटू आहे. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची दोन वर्षे उत्तम गुणांनी पूर्ण करून त्याने ट्रान्सफर पोर्टलमध्ये, म्हणजे विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंच्या ऑनलाइन यादीत, नाव दिले आहे. नव्या विद्यापीठात तो बिझनेसची पदवी घेणार आहे. तेथील प्रशिक्षक म्हणतात की आता बदलीवर कोणतेही बंधन उरलेले नाही. हे खरे आहे का? (एक पालक, घोडबंदर रोड, ठाणे)

उत्तर : हे अर्धेच खरे आहे. फुटबॉल, बास्केटबॉल यांसारख्या काही खेळांत बदली केल्यास पूर्वी एक वर्ष बाहेर बसावे लागे. एप्रिल २०२१ मध्ये सर्व खेळांना एकदा बदलीची मोकळीक मिळाली आणि एप्रिल २०२४ मध्ये बदल्यांच्या संख्येची मर्यादाही गेली. मात्र अभ्यासाची अट तशीच राहिली : जुने विद्यापीठ सोडताना विद्यार्थी तेथे अभ्यासाच्या दृष्टीने पात्र असला पाहिजे आणि नव्या विद्यापीठात त्याची पदवीकडे पुरेशी वाटचाल झालेली असली पाहिजे.

ही वाटचाल टक्क्यांत मोजतात. तिसरे वर्ष सुरू होताना पदवीचा ४० टक्के, चौथे सुरू होताना ६० टक्के आणि पाचवे सुरू होताना ८० टक्के भाग पूर्ण असावा लागतो. समजा, आपल्या मुलाकडे ६२ क्रेडिट (विषय पूर्ण केल्यावर मिळणारी अभ्यासाची एकके) आहेत आणि नवी पदवी १२० क्रेडिटची आहे. म्हणजे त्याला ४८ हवीत. वरवर पाहता काळजीचे काही कारण दिसत नाही. परंतु नवे विद्यापीठ त्यांतील ५७ क्रेडिट स्वीकारते आणि बिझनेसच्या पदवीत प्रत्यक्षात ४५ च धरते, असे सहज घडू शकते. इंग्रजी, गणित आणि भौतिकशास्त्र कामी येतात. सर्किट्सची प्रयोगशाळा किंवा प्रोग्रॅमिंगचा पुढचा विषय गुणपत्रकावर राहतो, पण पदवीत बसत नाही. ४५ म्हणजे साडेसदतीस टक्के. उत्तम गुण असूनही, केवळ तीन क्रेडिट कमी पडल्यामुळे, मुलगा स्पर्धेसाठी पाण्यात उतरू शकत नाही. ही तूट उन्हाळी सत्रातील एका विषयाने भरून निघते. मात्र ती ऑगस्टमध्ये नव्हे, मे महिन्यातच लक्षात आली पाहिजे.

म्हणून सही करण्यापूर्वी नव्या विद्यापीठाच्या रजिस्ट्रार (कुलसचिव) कार्यालयाकडून विषयवार लेखी तक्ता मागवा. ‘किती क्रेडिट स्वीकारली’ आणि ‘निवडलेल्या पदवीत किती धरली’ हे दोन आकडे त्यात वेगवेगळे असावेत. प्रशिक्षकाचा हेतू चांगला असला तरी पात्रता ठरवणे त्यांच्या हाती नसते, त्यामुळे या बाबतीत तोंडी शब्दावर विसंबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. इतर पालकांनी हेही ध्यानात ठेवावे की पोर्टलमध्ये नाव दिल्यावर जुने विद्यापीठ चालू सत्राअखेर शिष्यवृत्ती थांबवू शकते. अनेक विद्यापीठांच्या संकेतस्थळांवर विषयांच्या समकक्षतेचे तक्ते असतात. ते नाव देण्याआधीच पाहावेत.

प्रश्न : मी नवी मुंबईत बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आहे आणि लांब उडीसाठी अमेरिकेत जाऊ इच्छिते. मी तेथे नव्याने प्रवेश घेणारी ठरेन की बदलून आलेली? (एक विद्यार्थिनी, खारघर)

उत्तर : बदलून आलेली. अकरावी-बारावी शालेय शिक्षणात धरली जाते. परंतु पदवीला पूर्णवेळ प्रवेश घेतला की, तो जगात कोठेही असो, आपण महाविद्यालयीन विद्यार्थी ठरता आणि खेळण्यासाठीची पाच वर्षांची मुदतही त्याच दिवसापासून सुरू होते. या मुदतीत चार हंगाम खेळता येतात, ही नियमाची मूळ चौकट आहे. तिच्यावर न्यायालयांत दावे झालेले असल्याने विद्यापीठाच्या कम्प्लायन्स ऑफिसकडून (खेळाडूंबाबतचे नियम पाहणाऱ्या कार्यालयाकडून) ताजे लेखी उत्तर घ्यावे. मध्ये एक वर्ष घरी बसल्याने मुदत सामान्यतः थांबत नाही.

पहिले वर्ष लपवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो कृपया ऐकू नका. सर्व संस्थांची गुणपत्रके द्यावीच लागतात आणि लपवाछपवी उघड झाली तर पात्रताच धोक्यात येते. केटी लागलेला विषय सुटल्याखेरीज त्याचे क्रेडिट मिळत नाही, हेही लक्षात असू द्या. शिवाय नववी ते बारावीचीही तपासणी होते : १६ मूलभूत विषय आणि त्यांत किमान २.३ जीपीए (चारपैकी सरासरी गुणांक) लागतो. गणित तीन वर्षांचे हवे असल्याने, कॉमर्सला गणित सोडलेल्यांनी ही बाब सर्वांत आधी तपासावी. सॅट या प्रवेशपरीक्षेची अट एनसीएएने जानेवारी २०२३ मध्ये काढली. विद्यापीठ स्वतःच्या प्रवेशासाठी ती परीक्षा मागू शकते.

प्रश्न : मुलगा अमेरिकेत दोन वर्षांच्या कॉलेजात टेनिस खेळतो. चार वर्षांच्या विद्यापीठात जाण्यापूर्वी एक अवघड विषय सोडून द्यावा, असे त्याला वाटते. चालेल का? (एक आई, ऐरोली)

उत्तर : शालेय गुणांवर तो आधीच पात्र ठरलेला असेल, तर त्याला तेथे किमान एक पूर्णवेळ सत्र, प्रत्येक सत्रामागे सरासरी १२ क्रेडिट (नव्या विद्यापीठात चालतील अशी) आणि २.५ जीपीए हवा. तसा पात्र नसेल, तर त्या दोन वर्षांच्या कॉलेजाची पदवी, किमान तीन सत्रे आणि ४८ क्रेडिट लागतात. त्यांत इंग्रजीची ६, गणिताची ३ व विज्ञानाची ३ असावी लागतात. मैदानी प्रात्यक्षिकांची क्रेडिट यात फारशी धरली जात नाहीत.

विषय सोडण्याआधी व्हिसाचा विचार करावा. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरील पदवीच्या विद्यार्थ्याला सत्रात १२ क्रेडिट घ्यावीच लागतात आणि त्यांत ऑनलाइन विषय एकच धरला जातो. आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाच्या पूर्वपरवानगीविना तो ११ वर आला, तर टेनिस दूरच, अमेरिकेतील वास्तव्यच अडचणीत येते. विषय सोडण्यापेक्षा शिकवणी लावणे बरे. बहुतेक कॉलेजांत ती विनामूल्य मिळते.

प्रश्न : माझी मुलगी बॅडमिंटन खेळते. तिलाही पदवीच्या वाटचालीचे हे टक्के लागू होतील का? (एक पालक, नौपाडा, ठाणे)

उत्तर : नाही. बॅडमिंटन हा एनसीएएच्या अजिंक्यपद खेळांपैकी नाही. अमेरिकेतील विद्यापीठांत तो मुख्यतः क्लबच्या पातळीवर खेळला जातो. त्यामुळे बदलीनंतर तिला तेथील विद्यापीठाचे आणि क्लबचे नियम पाळावे लागतील. व्हिसाची १२ क्रेडिटची अट मात्र तिलाही तितकीच बंधनकारक आहे.