शिक्षकांच्या हाती बंदूक : कोणता युक्तिवाद टिकतो?

प्रश्न : ‘अमेरिकेतील शाळांत शिक्षकांना बंदूक द्यावी का?’ या विषयावर माझी मुलगी वादविवाद स्पर्धेत बोलणार आहे. कोणत्या बाजूचा युक्तिवाद अधिक परिणामकारक ठरेल?
– एक पालक, कोथरूड, पुणे

उत्तर : समर्थकांची बाजू ऐकताक्षणी पटते, कारण ती एका प्रसंगावर उभी आहे : हल्लेखोर वर्गाच्या दारात आहे, पोलीस अजून वाटेत आहेत आणि मुलांपाशी फक्त त्यांच्या बाई आहेत. २०१२ मध्ये अमेरिकेतील सँडी हुक शाळेतील गोळीबारात २० मुले आणि ६ प्रौढ मारले गेले, ते अवघ्या काही मिनिटांत. म्हणून ही भीती अतिरंजित म्हणून झटकणे अन्यायाचे होईल.

मात्र शस्त्र जवळ असले की ते योग्य क्षणी चालेलच, हे यात गृहीत धरलेले असते. २०१८ मध्ये पार्कलंडच्या शाळेवर नेमलेला सशस्त्र अधिकारी गोळीबार चालू असताना इमारतीत शिरला नाही, आणि २०२२ मध्ये युवाल्डी येथील शाळेत पोलीस लगेच पोहोचूनही हल्लेखोराला ठार करेपर्यंत तासाहून अधिक वेळ गेला. प्रशिक्षित माणसांची ही गत असेल, तर शिक्षकांवर हा भार कसा टाकायचा? विरोधकांचा हा मुद्दा मला सर्वांत भक्कम वाटतो. नुसते ‘बंदुका वाईटच’ म्हटल्याने टाळ्या मिळतील, पालकांची शंका फिटणार नाही.

शिवाय बंदूक कपाटात कुलूपबंद ठेवली तर ती वेळेवर हाती येत नाही, आणि कमरेला बाळगली तर एखाद्या मुलाच्या हाती लागू शकते. हा पेच मुलीने समर्थकांपुढे अवश्य ठेवावा.