पेन्शन दोनदा विकली, कपात एकदाच थांबली

प्रश्न : ताई, मी राज्य शासनाच्या एका कार्यालयातून 31 मे 2008 रोजी निवृत्त झालो. तेव्हा पेन्शन विकली होती, म्हणजे तिचा काही भाग देऊन एकरकमी पैसे घेतले होते, त्याची दरमहा 2,400 रुपये कपात होती. 2010 मध्ये सहाव्या वेतन आयोगाने पेन्शन वाढली तेव्हा वाढीव भागही विकला, त्याचे आणखी 2,000 कापू लागले. ही कपात 15 वर्षांनी थांबते, आणि ती 15 वर्षं 2023 मध्येच संपली. प्रत्यक्षात फेब्रुवारी 2025 मध्ये 2,400 ची कपात थांबली आणि 2,000 ची अजून चालूच आहे. बँकेत विचारलं तर म्हणतात, आमच्या हातात काही नाही. मला 2023 पासून दोन्ही कपातींची थकबाकी महागाईसह हवी आहे.

उत्तर : बँकवाले या वेळी खरं बोलले. राज्याच्या पेन्शनचा हिशेब कोषागारात होतो, बँक आलेली रक्कम जमा करते इतकंच. तेव्हा त्या काउंटरवर रक्त आटवू नका.

तुमच्या मागणीतलं निम्मं बरोबर आहे. मी कोषागारात निवृत्तिवेतनाच्या टेबलावर बरीच वर्षं काढली, आणि हा घोळ सर्वांत जास्त पाहिला तो 2006 ते 2009 या काळात निवृत्त झालेल्यांच्या बाबतीत. सहावा आयोग लागू झाला 1 जानेवारी 2006 पासून, पण प्रत्यक्ष आदेश आले 2009 मध्ये. मधल्या काळात निवृत्त झालेल्यांची पेन्शन आधी जुन्या वेतनावर ठरली, मग सुधारली. म्हणून विक्रीही दोनदा. आणि दोन्ही विक्रींची 15 वर्षं वेगवेगळी मोजायची असतात, प्रत्येकीची कपात ज्या तारखेला सुरू झाली त्या तारखेपासून. निवृत्तीच्या तारखेपासून नव्हे! हे बहुतेकांना कोणी सांगतच नाही.

पहिली कपात 1 जून 2008 ला सुरू झाली असेल, तर 1 जून 2023 ला ती थांबायलाच हवी होती. जून 2023 ते जानेवारी 2025 हे वीस महिने, प्रत्येकी 2,400 म्हणजे 48,000 रुपये. ही तुमची थकबाकी. दुसरी कपात मार्च 2010 पासून असेल, तर तिची मुदत फेब्रुवारी 2025 अखेर पूर्ण झाली आणि मार्च 2025 पासून दरमहा 2,000 तुम्हाला परत मिळायला हवेत. त्या आधीचे मात्र नाहीत. तारीख आठवत नसेल तर 2010 चं जुनं पासबुक काढा. विक्रीची एकरकमी रक्कम ज्या सुमारास खात्यात आली, त्याच सुमारास पेन्शन खाली आलेली दिसेल. पासबुक उंदरांनी खाल्लं असेल तर कोषागाराच्या नोंदी आहेतच.

महागाईचं म्हणाल, तर तिची थकबाकी निघत नाही. महागाई वाढ विकण्यापूर्वीच्या पूर्ण मूळ पेन्शनवर मिळते, म्हणजे कपात चालू असतानाही ती तुम्हाला पूर्णच मिळत होती. तरी महिन्याची निवृत्तिवेतन स्लिप काढून एकदा ताळा घ्या. पासबुकात मूळ, महागाई आणि कपात यांची एकच गोळाबेरीज दिसते, त्यावरून तारखेचा अंदाज येतो, पण रकमांचा हिशेब सिद्ध करता येत नाही. मला पासबुकाचे फोटो पाठवणाऱ्या सर्वांनाच हे सांगणं आहे.

आता अर्ज. तुम्ही पाठवलेली अर्जाची प्रत वाचली. दोन पानं अन्यायाची, आणि शेवटी ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’. टेबलावरच्या माणसाला त्यातून काहीच करता येत नाही, तो कागद ‘माहितीस्तव’ फाइलला लागतो. एक पान पुरे. वर पी.पी.ओ. (निवृत्तिवेतन प्रदान आदेश) क्रमांक, विषयात ‘अंशराशीकृत निवृत्तिवेतनाची पुनर्स्थापना व थकबाकी’ (म्हणजे विकलेली पेन्शन पुन्हा सुरू करणं), खाली दोन ओळींचा तक्ता: कपातीची रक्कम, सुरू झाल्याची तारीख, 15 वर्षं पूर्ण झाल्याची तारीख, येणं रक्कम. अर्ज कोषागार अधिकाऱ्यांच्या नावे द्या आणि पोच घ्या. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात 10 रुपयांचा अर्ज करून दोन्ही कपातींच्या नोंदींच्या प्रती मागा. 30 दिवसांत माहिती द्यावी लागते. ‘माझी पेन्शन का कापली’ असं त्यात विचारू नका. माहिती अधिकारात कागद मागायचा असतो, खुलासा नव्हे.

आणि बसून राहू नका. पेन्शनमधली चूक दर महिन्याला नव्याने घडते म्हणून उशिरा गेलात तरी दाद मागता येते, पण सर्वोच्च न्यायालयाच्या 2008 च्या तरसेम सिंग निकालानुसार मागची थकबाकी साधारणपणे दावा दाखल करण्याच्या आधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते.

प्रश्न : मी 30 जून 2020 रोजी निवृत्त झाले. शेवटचं मूळ वेतन 49,000. एका दिवसाने 1 जुलैची वेतनवाढ हुकली. ती आता मिळते म्हणतात. ग्रॅच्युइटीचाही फरक मिळेल का?

उत्तर : वर्षभर काम केलं त्याची वेतनवाढ नाकारता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 11 एप्रिल 2023 रोजी सांगितलं. ही वाढ काल्पनिक, म्हणजे पेन्शन मोजण्यापुरती धरायची: 49,000 चे 50,500, आणि पेन्शन 24,500 ऐवजी 25,250. म्हणजे मूळ पेन्शनमध्ये 750 आणि त्यावरची महागाई.

मात्र 2020 पासूनच्या थकबाकीचे मनोरे रचू नका. केंद्राच्या प्रकरणात 20 फेब्रुवारी 2025 च्या आदेशाने न्यायालयाने स्पष्ट केलं, की जे स्वतः कोर्टात गेले नव्हते त्यांना वाढीव पेन्शन 1 मे 2023 पासून, त्याआधीचं नाही. ग्रॅच्युइटी आणि पेन्शन विक्रीच्या रकमेला केंद्राने ही वाढ धरलेली नाही. मला हे पटत नाही. वाढ कमावली असेल तर ती सगळीकडे धरावी. पण माझ्या पटण्यावर बिल निघत नाही.

तुमचा अर्ज कोषागारात नको. मूळ पेन्शन बदलायची तर ज्या कार्यालयातून निवृत्त झालात त्यांनी सुधारित प्रस्ताव महालेखापालांकडे पाठवावा लागतो. मुंबई की नागपूर ते तुमच्या जिल्ह्यावर. जिल्हा परिषदेच्या असाल तर महालेखापालांचा संबंध नाही, मुख्य लेखा व वित्त अधिकाऱ्यांकडे जा.

प्रश्न : माझे यजमान वर्ग तीनचे कर्मचारी होते. ते गेल्यावर कार्यालयाने कळवलं, की त्यांची वेतननिश्चिती फार पूर्वी चुकली होती, आणि आता माझ्या कुटुंब निवृत्तिवेतनातून दरमहा 3,000 वसूल करणार.

उत्तर : ताई, घाबरून संमतीपत्रावर सही करू नका. 18 डिसेंबर 2014 च्या रफीक मसीह निकालात सर्वोच्च न्यायालयाने वर्ग तीन व चारच्या कर्मचाऱ्यांकडून, तसंच निवृत्तांकडून, अशी जादा दिलेली रक्कम वसूल करायला मनाई केली आहे. त्यात यजमानांची फसवणूक किंवा खोटी माहिती नसावी, हे ओघाने आलं. निकालाचा उल्लेख करून लेखी हरकत द्या, वसुलीचा आदेश आणि मूळ वेतननिश्चितीचा कागद मागा.

दोन गोष्टी लक्षात असू द्या. चुकलेली वेतननिश्चिती पुढच्यासाठी दुरुस्त करून कुटुंब निवृत्तिवेतन थोडं कमी झालं, तर ते थांबवणं अवघड आहे. लढा मागच्या वसुलीपुरता. आणि वेतननिश्चितीच्या वेळी ‘जादा रक्कम परत करीन’ असं हमीपत्र यजमानांनी दिलं होतं का, ते सेवापुस्तकात पाहून घ्या. कार्यालय पहिल्यांदा तेच पुढे करील.